पाच महिन्यांचं ऑनसाइट: हो म्हणण्याआधी काय लिहून घ्याल?

प्रश्न: मी ३४ वर्षांची आहे. पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरची चाचणी करणाऱ्या गटाची प्रमुख आहे. कंपनीने सप्टेंबर ते जानेवारी असे पाच महिने स्टुटगार्टला जाशील का, असं विचारलंय. आमची तिथेही शाखा आहे. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. नवरा म्हणतो, जा. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा पोरीला टाकून कसं जायचं?" एचआर म्हणतं, आधी बिझनेस व्हिसावर जा, नव्वद दिवस झाले की पुढचं बघू. पगार इथलाच, वर रोजचा भत्ता. राहायला टीममधल्या दोघांबरोबर फ्लॅट, आणि ते दोघेही पुरुष सहकारी आहेत. आठवड्याभरात उत्तर द्यायचंय. काम मला मनापासून हवंय, पण भीतीही वाटते. काय करू? — एक वाचक, चिंचवड

उत्तर: जा. पण एचआरने सांगितलंय त्या पद्धतीने नको.

तुमच्या पत्रात घराची काळजी आधी येते आणि व्हिसाचा उल्लेख ओझरता. माझ्या मते क्रम उलटा हवा. वर्ष-दोन वर्षांसाठी कुणाला पाठवायचं असेल तर कंपनी करार, कर, विमा, घर असं सगळं लिहून देते. चार-पाच महिन्यांचं काम असलं की "थोड्याच दिवसांचं तर आहे" म्हणत निम्म्या गोष्टी तोंडी ठेवल्या जातात, आणि तिथे काही बिनसलं की ते निस्तरण्याचं काम बाईच्या गळ्यात पडतं. मुदत कमी असली तरी नियम पूर्ण लागू असतात.

आधी व्हिसा. जर्मनीचा बिझनेस व्हिसा बैठका, वाटाघाटी, करारावर सह्या, प्रदर्शनाला भेट अशा गोष्टींसाठी असतो. शाखेच्या नाहीतर ग्राहकाच्या ऑफिसात रोज बसून चाचण्या चालवणं हे काम झालं, आणि ते त्या व्हिसावर चालत नाही. तपासणीत सापडलात तर बेकायदा नोकरीचा ठपका तुमच्या पासपोर्टवर बसतो आणि पुढचा प्रत्येक शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच सामाईक) व्हिसाचा अर्ज अवघड होतो. शिवाय हा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहू देतो, तेही सगळे शेंगेन देश धरून. तुमचं काम १५३ दिवसांचं आहे.

"पुढचं बघू" हे तर मुळातच जमणारं नाही. एकाच समूहातल्या भारतीय कंपनीतून जर्मन शाखेत ९० दिवसांहून जास्त काळ जाणाऱ्या तज्ज्ञांसाठी आयसीटी कार्ड असतं. त्याचा अर्ज युरोपीय संघाच्या बाहेरूनच करावा लागतो. तिथे पोचल्यावर व्हिसा बदलून घेता येत नाही. म्हणजे नव्वदाव्या दिवशी तुम्हाला सामान बांधून परत यावं लागेल, मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासासाठी नव्याने अर्ज भरावा लागेल आणि प्रकल्प मध्येच लोंबकळेल. अर्ज निघण्याआधीच योग्य व्हिसा मागा.

आयसीटीच्या दोन अटी तुमच्या बाबतीत आत्ताच तपासता येतील. जाण्यापूर्वी समूहात किमान सहा महिने सलग नोकरी झालेली हवी. आणि पगार तिथल्या तशाच कामाच्या पगारापेक्षा कमी असता कामा नये. त्यामुळे "पगार इथलाच, वर भत्ता" एवढ्यावर भागत नाही. फरक कसा भरून निघणार, हे अर्जात आकड्यांनिशी दाखवावं लागतं. तो आकडा तुम्हालाही दाखवा म्हणावं. व्हिसा हातात आला की त्यावरची शेवटची तारीख काम संपण्याच्या तारखेशी ताडून बघा आणि पंधरा-वीस दिवस जास्तीचे आहेत ना ते पाहा. जानेवारीअखेर संपणारं काम फेब्रुवारीत सरकणं ही रोजची गोष्ट आहे.

आता पैसा, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. सप्टेंबर ते जानेवारी तुम्ही बाहेर असाल, तर त्या आर्थिक वर्षात भारतात २१२ दिवस भरतात. १८२ची मर्यादा ओलांडल्याने तुम्ही इथल्या निवासी ठरता आणि जगभरच्या उत्पन्नावर इथे कर लागतो. तिकडे जर्मनीत "१८३ दिवसांच्या आत असलं की कर नाही" असं कुणीतरी ठामपणे सांगेल. ते अर्धंच खरं आहे. भारत-जर्मनी करारात तीन अटी एकत्र पाळाव्या लागतात: मुक्काम १८३ दिवसांच्या आत, पगार देणारी कंपनी जर्मनीची नाही, आणि त्या पगाराचा भार जर्मनीतल्या कोणत्याही शाखेवर पडत नाही. तुमच्या बाबतीत तिसरी अट मोडण्याची शक्यता बरीच आहे. पुण्याची कंपनी तुमचा खर्च स्टुटगार्टच्या शाखेकडून वसूल करत असेल, तर जर्मनीत पहिल्या दिवसापासून कर लागू शकतो. हे तुम्हाला पगाराच्या स्लिपवर दिसणार नाही. ते दोन्ही कंपन्यांच्या हिशेबवह्यांत घडतं आणि नोटीस मात्र तुमच्या नावाने येते.

म्हणून एचआरला सरळ विचारा, माझा खर्च जर्मन शाखेला लावणार आहात का? उत्तर "हो" असेल तर पत्रात दोन वाक्यं हवीतच. इथे राहून जेवढा कर भरावा लागला असता त्याच्या वरचा सगळा कर कंपनी भरेल. आणि दोन्ही देशांतली विवरणपत्रं कंपनीचा सल्लागार, कंपनीच्या खर्चाने भरून देईल. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, त्यामुळे तुमचे १५३ दिवस तिथे दोन वर्षांत विभागले जातील, १२२ आणि ३१. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही मोजला जातो, शनिवार-रविवारही. विमानाची बोर्डिंग पासं टाकू नका.

पीएफचं काम सोपं आहे, पण निघण्यापूर्वीच करायला हवं. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. ईपीएफओकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घेतलं की ४८ महिन्यांपर्यंत तुमचा पीएफ इथेच चालू राहतो आणि जर्मन पेन्शनची वर्गणी भरावी लागत नाही. ती वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के असते, निम्मी कामगाराची आणि निम्मी मालकाची, म्हणजे कागद नसेल तर तुमच्या हातातले ९.३ टक्के जाऊ शकतात. अर्ज ईपीएफओच्या संकेतस्थळावर होतो, कंपनीचा सहभाग लागतो, आणि एचआर हे शेवटच्या आठवड्यावर ढकलतं. व्हिसाच्या अर्जाबरोबरच याचाही अर्ज लावायला सांगा.

या सर्टिफिकेटने आजारपणाचा विमा मिळत नाही, तो वेगळा. कंपनीचा इथला मेडिक्लेम बहुधा भारतापुरता असतो आणि प्रवास विमा आधीपासूनचे आजार, दात, नेहमीची तपासणी वगळतो. पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, नुसतं कार्ड नको. त्यात चार गोष्टी शोधा: थायरॉइड, रक्तदाब, पीसीओएससारखा जुना आजार धरलाय का, गर्भारपण आणि त्यातली गुंतागुंत धरलीय का, मानसोपचार आहे का, आणि गंभीर आजारात भारतात परत आणण्याचा खर्च आहे का. खासगी विम्यावर डॉक्टरचं बिल बहुतेक वेळा आधी आपण भरतो आणि मग परत मागतो. त्यामुळे क्रेडिट कार्डाची मर्यादा जाण्याआधी वाढवून घ्या. नेहमीची औषधं तीन महिन्यांची सोबत न्या, मूळ पाकिटात आणि औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहिलेल्या इंग्रजी चिठ्ठीसह. अँटिबायोटिक आणि गर्भनिरोधक गोळ्या तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. रात्री-सुट्टीला तातडीचं पण जिवावरचं नसलेलं दुखणं असेल तर ११६११७, जिवावर बेतलं तर ११२.

राहण्याच्या जागेबद्दल मी अगदी स्पष्ट सांगेन. दोन पुरुष सहकाऱ्यांबरोबरचा फ्लॅट तुम्हाला चालणार असेल तर प्रश्नच नाही. चालणार नसेल तर "नको" म्हणायला कारण द्यावं लागत नाही. पाच महिने एकच न्हाणीघर, एकच फ्रिज, आणि दिवसभर ज्यांच्या कामाचे दोष काढायचे त्यांच्याबरोबरच रात्रीचं जेवण, हे गटप्रमुखासाठी कामाच्या दृष्टीनेही बरं नाही. एचआरला असं लिहा: "मला स्वतंत्र कुलूप असलेली खोली आणि स्वतंत्र न्हाणीघर असलेली जागा हवी. ऑफिसपासून सार्वजनिक वाहनाने ४० मिनिटांच्या आत." शेवटची अट हिवाळ्यासाठी आहे. डिसेंबरात स्टुटगार्टला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी आठनंतर उजाडतं. म्हणजे जाणं-येणं दोन्ही अंधारातच.

जागेचा दुसरा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला तिथल्या नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती उरकून टाका. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला राहण्याचा दाखला लागतो, आणि कमी मुदतीच्या सुसज्ज जागांचे बरेच मालक तो द्यायला तयार नसतात. जागा पक्की करण्यापूर्वीच "नोंदणीचा दाखला मिळेल" हे ईमेलवर घ्या. तो नसेल तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नसेल तर करक्रमांक अडतो, बँकेचं खातं अडतं. नोंदणी झाली की टपालपेटीवर आणि घंटीवर तुमचं आडनाव लावा. तिथे पोस्टमन खोलीच्या क्रमांकावरून पत्र टाकत नाही, नावावरून टाकतो. नाव नसेल तर करक्रमांकाचं पत्रही परत जातं आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. काही दिवसांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरोचं. ते फसवणुकीचं नाही, खरं असतं. दर घरटी एकदाच लागतो, म्हणून मालक आधीच भरतो का ते विचारून त्याचा क्रमांक कळवा.

अनामत रक्कम महिन्याच्या मूळ भाड्याच्या (वरचे खर्च सोडून) तिप्पटीहून जास्त मागता येत नाही. जागा न दाखवता, किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणून पैसे मागणारी जाहिरात सोडून द्या. हा सापळा स्टुटगार्टसारख्या भाड्याच्या जागा दुर्मिळ असलेल्या शहरांत नेहमीचा आहे. अनामत कंपनीने भरावी, तुम्ही नाही.

कामाच्या तासांचंही लिहून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि आपल्यातला फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर येतो. पुण्यातली सकाळी साडेनऊची रोजची बैठक तिथे पहाटे पाचला पडते. जर्मन कायद्यात दिवसाचे आठ तास, फार तर दहा, आणि दोन पाळ्यांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती आहे. बाहेरून पाठवलेल्या कामगारांनाही हे लागू होतं. पुण्याच्या मॅनेजरला बैठक दुपारी दीडला आणायला लावा. तिथे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. अवघड काहीच नाही, फक्त जाण्यापूर्वी मागायला हवं.

त्रासाबद्दलही बोलायलाच हवं. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि मालकाने दिलेलं वाहनही येतं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. समितीला योग्य वाटलं तर आणखी तीन महिने वाढवता येतात. जर्मनीत २००६चा समान वागणुकीचा कायदा आहे आणि त्याखालच्या भरपाईचा दावा दोन महिन्यांत लेखी करावा लागतो. मुदती एवढ्या कमी असल्याने "परत गेल्यावर बघू" म्हणणं परवडत नाही. जाण्यापूर्वी पुण्याच्या अंतर्गत समितीच्या अध्यक्षांचा ईमेल आणि स्टुटगार्टच्या शाखेत तक्रार कुणाकडे जाते ते नाव विचारून ठेवा. हे विचारण्यात संकोच कसला? आग लागली तर बाहेर पडायच्या दाराची चौकशी करतो तसंच हे आहे. महिलांसाठीची जर्मन मदतवाहिनी ११६ ०१६ चोवीस तास, मोफत आणि अनेक भाषांत चालते.

आता घर. सासूबाईंच्या वाक्यात माया आहे, पण बहुधा एक न बोललेली भीतीही आहे: सकाळी सहाला उठून डबा, वेणी, शाळेची बस हे सगळं माझ्यावर येणार. त्यांच्याशी आईपणावर वाद घालू नका, कामाची वाटणी मांडा. पोळ्यांच्या मावशींचे तास वाढवा आणि त्याचे पैसे तुमच्या भत्त्यातून द्या. सकाळ नवऱ्याची, संध्याकाळचे दोन तास आजीचे, असं ठरवा आणि निघण्यापूर्वी तीन आठवडे तुम्ही घरात असतानाच ते चालवून बघा. तेव्हाच कळेल, शाळेच्या व्हॉट्सअॅप गटात नवरा नाहीच, बालरोगतज्ज्ञाचा नंबर फक्त तुमच्याकडे आहे, तापाच्या औषधाचं प्रमाण त्याला माहीत नाही. या तीन आठवड्यांत मध्ये पडू नका. डबा विसरला तर विसरू द्या. त्याच्याही हातून हे सगळं नीट होतं, हे आजीला आणि मुलीला दिसायला हवं.

मुलीशी बोलण्याची वेळ एकच ठेवा. तिच्या झोपायच्या वेळी, इथल्या साडेआठला, हिवाळ्यात तुमचे चार वाजलेले असतील. रोज त्या अर्ध्या तासाला कॅलेंडरमध्ये बैठक लावा आणि ती मोडू देऊ नका. सकाळी शाळेआधी फोन करीन असं कबूल करू नका. तिथे तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतील, आणि सहा वर्षांच्या मुलीला चुकलेल्या फोनपेक्षा मोडलेलं वचन जास्त लक्षात राहतं. दिवाळी मधेच येते. येण्या-जाण्याचं एक तिकीट कंपनीकडून करारातच मागा. त्याऐवजी नाताळच्या सुट्टीत मुलगी आणि नवरा तिकडे येणार असतील तर त्यांना पर्यटनाचा शेंगेन व्हिसा लागेल. त्याच्या अर्जाला दोघांचीही सही लागते, आणि मुलगी एकाच पालकाबरोबर प्रवास करत असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र. तुमचं ते निघण्यापूर्वीच करून ठेवा. बँक, घर, सोसायटी यांची सही तुमच्याच नावावर अडणार असेल तर कुलमुखत्यारपत्रही इथेच उरका. तिथून करायचं म्हणजे म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाची वेळ घ्यावी लागते.

सामानाचं थोडक्यात. तूप, पेढे, पनीर, खवा असं दूध असलेलं काहीही युरोपीय संघात आणायला बंदी आहे, आणि ताजा कढीपत्ताही. डाळी, मसाले, भाजणी, तेलातलं लोणचं चालतं. कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणारा, स्टीलच्या बुडाचा, आणि एक जास्तीची रिंग. ॲल्युमिनियमचा तिथल्या इंडक्शन शेगडीवर तापतच नाही. फोडणी देताना खिडकी उघडी आणि खोलीचं दार बंद. इमारतीची धुराची मध्यवर्ती धोक्याची घंटा वाजली की अग्निशमन दल येतं आणि त्याचं बिल भाडेकरूला लागू शकतं. भारतीय सिम फोनमध्येच ठेवा आणि रिचार्ज संपू देऊ नका, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही.

या सगळ्यातून एचआरकडे मागायचं एकच पत्र बनतं, आणि त्यासाठी आठवडा पुरेसा आहे. उद्या सकाळी ईमेल पाठवा: "मी जायला तयार आहे. होकार पक्का करण्यापूर्वी पुढील मुद्दे नेमणूक पत्रात हवेत." मग व्हिसाचा प्रकार, पगार आणि भत्त्याचा आकडा, जादा कराची जबाबदारी, पीएफ सर्टिफिकेट, विम्याची पॉलिसी, स्वतंत्र जागा, घरी येण्याचं तिकीट, आणि दोन गोष्टी ज्या बायका मागायला विसरतात: परत आल्यावर माझी भूमिका आणि गट हेच राहतील, आणि या वर्षीचं मूल्यमापन पुण्याचा मॅनेजर स्टुटगार्टच्या मॅनेजरचा लेखी अभिप्राय घेऊन करेल. परतल्यावर अमुक महिने नोकरी सोडायची नाही अशी अट घातली असेल तर मुदत आणि रक्कम दोन्ही वाचा. खर्च झाला तेवढाच, आणि दरमहा कमी होत जाणारा असेल तर मान्य करायला हरकत नाही. आणि घरचं आजारपण उद्भवलं तर लवकर परतण्याचा खर्च कंपनीचा.

व्हिसाच्या मुद्द्यावर ते "सगळे असेच जातात" म्हणाले तर नकार द्या. बाकी मुद्द्यांवर घासाघीस करा. जागेवर आणि करावर मात्र मागे हटू नका.

निघताना पत्त्याची नोंद काढून टाका. त्याचा अर्ज जागा सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी देता येतो, सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत. रेल्वे-बसचा मासिक डॉइचलांडटिकेट घेतला असेल तर तो ज्या महिन्यात बंद करायचा त्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावा लागतो, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. अनामत तुमच्या नावावर असेल तर ती परत यायला महिने लागतात, कारण मालक वीज-पाण्याचा हिशेब झाल्यावर देतो. भारतीय खात्याला आयबॅन (युरोपात पैसे पाठवायला लागणारा खातेक्रमांक) नसतो, त्यामुळे जर्मन खातं तोवर बंद करू नका किंवा स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून, पाठवण्याचं लेखी घ्या. ते खातं ज्या वर्षी उघडं असेल त्या वर्षाच्या भारतीय विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं, शिल्लक शंभर युरो असली तरी. म्हणजे नेहमीचा आयटीआर-१ तुम्हाला चालणार नाही, आयटीआर-२ भरावा लागेल. सीएला हे मार्चमध्येच सांगून ठेवा.